वारशाचे घर आणि त्याचा पाया

दोन घरे बांधणाऱ्यांचा दाखला आमच्या वाचकांस परिचित आहे. एकाने खोल खणून खडकावर पाया घातला, दुसऱ्याने घातला नाही. पूर आला तेव्हा कोणाचे घर टिकले हे मुलाबाळांसही ठाऊक आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळांनी आपले घर स्वतः बांधलेले नसते. ते आजा-पणजाकडून आलेले असते. जो पाया आपण घातला नाही, त्याच्या उथळपणाबद्दल आपण जबाबदार आहो काय? या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

शेताची ती काळी व वस्तीची ती पांढरी, असा भेद आपल्या पूर्वजांनी केला, त्यात मोठे शहाणपण होते. दख्खनची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पायाचे घर असले म्हणजे ते दरवर्षी थोडे उचलले जाते व थोडे खचते. आणि चारही कोपरे सारखे हालत नसल्यामुळे भिंतीस तिरपी चीर पडते. घरधनी दिवाळीपूर्वी चिरेत गिलावा भरतो व वरून चुना लावतो. पुढल्या उन्हाळ्यात चीर पुन्हा आपल्या जागी हजर! दुखणे जमिनीत असता भिंतीस लेप लावून गुण कसा यावा?

खरा उपाय असा की, प्रथम पागोळ्यांचे व मोरीचे पाणी पायापासून दूर काढून द्यावे. तेवढ्याने न भागल्यास जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्याने जुन्या पायाखाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत नवा पाया न्यावा. हे काम एकदम करीत नाहीत. तीन-चार फुटांचा एकच तुकडा खणावयाचा, त्यात काँक्रीट भरावयाचे, ते घट्ट झाल्यावर वरची फट ठासून बंद करावयाची, आणि मगच दुसरा तुकडा घ्यावयाचा. तोही शेजारचा नव्हे, दूरचा. सबंध भिंत एकदम उघडी केली तर ती सुधारणाऱ्याच्याच अंगावर येते.

घरास जे लागू तेच मोठ्या इमारतीसही. इंग्लंडात विंचेस्टर येथील कथीड्रलचा पूर्वेकडील भाग तेराव्या शतकाच्या आरंभी पाणथळ, भुसभुशीत जमिनीवर बांधला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या भिंती फाटू लागल्या. खड्डा खणताच पाणी भरे. म्हणून १९०६ पासून १९११ पर्यंत विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याने वीस फुटांपर्यंत खोल पाण्यात उतरून काँक्रीटच्या २५,००० हून अधिक गोण्या पायाखाली रचल्या. पाणी इतके गढूळ की सारे काम हातांनी चाचपून करावे लागे. गोणी नीट बसली की नाही, हे त्याच्यावाचून कोणास कळणार होते?

चूक सातशे वर्षांपूर्वीची आहे, आमचा तिच्याशी काय संबंध, असे तेथील लोकांस म्हणता आले असते. आपणही तसेच म्हणतो. परंतु ज्या छपराखाली आपण वाढलो त्यास आपण ‘आमचे घर’ म्हणतो. मग त्याचा पाया तेवढा आजोबांचा कसा? छाया स्वीकारली त्याने खांबाचा भारही स्वीकारला. वडील मंडळींनी हाती होते त्या साधनांनी बांधले. त्यांस नावे ठेवण्याचे कारण नाही. दोष कोणाचाही असो, काम आपले आहे. चीर झाकणारा वडिलांचा मान राखीत नाही, आणि रागाने सारेच पाडून टाकणाराही राखीत नाही.

कुटुंबातील जुने कर्ज व भाऊबंदांचे जुने वैर यांसही हाच न्याय लागू आहे. लग्नाच्या मांडवाने ती चीर चार दिवस झाकते, भरून येत नाही. मांडवावर खर्चलेला रुपया गावभर दिसतो. पायात घातलेला रुपया मातीखाली जातो, पाहुणे त्याची वाखाणणी करीत नाहीत. म्हणूनच आम्हांस वाटते की, मनुष्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा भिंतीपेक्षा पायात अधिक होते.

वाचकहो, आपल्या घराची चीर यंदा गिलाव्याने लपवू नका. तिच्या दोन्ही टोकांस पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, आणि एक पावसाळा व एक उन्हाळा ती वाढते काय हे पाहा. वाढत असेल तर त्या भिंतीखाली मुले निजतात हे ध्यानात ठेवून, दुसऱ्या सर्व खर्चांच्या आधी पायाकडे वळा.