आपला नकाशा कधीचा आहे?



मोटारीसाठी जीपीएस यंत्र कोणते घ्यावे, ही चर्चा मिस्सानंतर चर्चच्या आवारातही ऐकू येते. फोन असताना वेगळे यंत्र कशाला, असे तरुण विचारतात. लांबच्या यात्रेला मोटार नेणारे म्हणतात, घाटात मोबाईलचे नेटवर्क गेले तरी नकाशा पोटात साठवलेले यंत्र चालूच राहते. घेताना आपण पडदा केवढा, किंमत किती, आवाज स्पष्ट आहे का, हे पाहतो. पाहावेच. पण पहिला प्रश्न वेगळा असावा : यातला नकाशा कधीचा आहे, आणि नवा नकाशा भरून मिळतो का?

कारण उपग्रह आपल्याला रस्ता दाखवीत नाहीत. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते फक्त स्वतःची जागा आणि अचूक वेळ कळवतात. यंत्र ते ऐकते आणि आपण कुठे आहोत हे काढते. त्यासाठी निदान चार उपग्रह लागतात. जागा काढायला तीन पुरले असते, पण यंत्रातले घड्याळ साधे असते. उपग्रहांतल्या अणुघड्याळांशी त्याचा मेळ घालायला चौथा हवा. सेकंदाच्या हजाराव्या भागाची चूक राहिली तरी अंतर सुमारे ३०० किलोमीटरने चुकेल! वरून येणारा संकेत इतका बिनचूक. रस्ता, वळण, पूल मात्र नकाशा सांगेल तसे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघे दगावले. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता. नकाशावर पूल अखंड होता, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते.

आपली सदसद्विवेकबुद्धी अशीच आहे. देवाचा आवाज तिथे ऐकू येतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण. पण ती चुकूही शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे. नकळत चुकणाऱ्याची गोष्ट वेगळी. सत्य शोधायची तसदीच न घेणाऱ्याला ती सबब नाही.

“माझे मन मला खात नाही, मग पाप कसले?” असे आपण सहज म्हणतो. वडिलोपार्जित वाडी विकायला निघते. बहिणीला माहेरी बोलावतात, जेवू घालतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. भावांचे मन खात नाही, कारण आजोबांच्या काळापासून असेच चालत आले आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. सरकारचा नकाशा केव्हाच बदलला. आपला कधी बदलणार? बहीण राजीखुशीने सोडत असेल तर प्रश्न नाही. पण तिला खरेच विचारले होते का?

शौलाचेही मन त्याला खात नव्हते. धर्मशास्त्र पाठ, हातात प्रमुख याजकाची पत्रे, दिमिष्काची वाट अगदी बरोबर. आपण देवाचेच काम करतो आहोत, अशी त्याची खात्री होती. प्रभूने त्याला वाटेत थांबवले. पण पुढचा सारा मार्ग तिथेच सांगितला नाही. शहरात जा, काय करायचे ते तिथे कळेल, एवढेच. तीन दिवस तो आंधळा होता. वाट दाखवणारा दुसऱ्यांचे हात धरून चालला. नेमका पत्ता मिळाला तो हनन्याला : ‘नीट’ नावाचा रस्ता, यहूदाचे घर. हनन्या घाबरला, कुरकुरला, पण गेला. आणि ज्याच्या भीतीने गाव दडून बसले होते त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला ‘भाऊ’ म्हणाला.

संत पौलाच्या परिवर्तनाचा सण २५ जानेवारीला येतो. तोवर एका संध्याकाळी घरातल्या सर्वांनी प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय मिळून वाचावा. लग्न होऊन गेलेल्या बहिणींनाही त्या दिवशी बोलवा. कागद मात्र पुढे करू नका.