घराचें दार व अंगणांतील हौद

तोरणमाळच्या माथ्यावर यशवंत तलाव आहे. त्यास दार नाहीं. पण तलावाचें पाणी हंड्यांत भरून घरीं आणलें म्हणजे त्यास धनी मिळतो, आणि धनी मिळाला कीं पिणाराची जात विचारणें सुरू होतें.

हा विचार मनांत आला म्हणजे आम्हांस पुण्याच्या गंज पेठेंतील जोतीराव फुले यांचें घर आठवतें. १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. आज तें घर स्मारक म्हणून राखिलें आहे. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, म्हणून आपल्यांतील कित्येक त्यांस जवळजवळ आपल्याच मंडळींतले समजतात. तें खरें नव्हे; ते ख्रिस्ती झाले नाहींत, व आपला नसलेला मान आपण घेऊं नये.

घर म्हणजे काय हें त्यांस चांगलें ठाऊक होतें. १८४८ सालीं त्यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां लोकांच्या दडपणामुळें पित्यानेंच त्यांस व सावित्रीबाईंस घराबाहेर जावयास सांगितलें. असा मनुष्य पुढें आपलें दार घट्ट लावून बसता, तर त्यास कोणी दोष दिला नसता.

येथें कोणी म्हणेल, "हौद त्यांचाच होता. आपली वस्तु देण्यांत मोठेपण कोणतें? शिवाय उपकाराचें पाणी पिणारा पाहुणाच राहतो. हक्काचें पाणी तें निराळेंच." ह्या आक्षेपांत बरेंच सत्य आहे. १९२३ सालीं मुंबई कायदे कौन्सिलानें सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनेंही चवदार तळें खुलें असल्याचें ठरविलें. तरी तेथें पाणी भरावयास कोणी धजेना. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकर व त्यांचे हजारों अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तें कोणाच्या कृपेनें नव्हे. त्याच दिवशीं त्यांच्यावर हल्ला झाला, व पुढें सनातनी लोकांनीं तळें "शुद्ध" केलें. ठराव कागदावर होता; पण तो करणारांच्या गांवांतील घरें पूर्वीप्रमाणेंच बंद होतीं. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली, व सार्वजनिक विहिरी, तलाव यांचा हक्क सर्वांस दिला. पण आमच्या ओसरीवरील माठ सार्वजनिक नाहीं. त्याचा निवाडा आमच्याच हातीं राहिला आहे.

आतां लिहावयास लाज वाटते तें लिहितों. डोंगराखालच्या एका गांवीं आम्ही आपल्याच मंडळींतील एका कुटुंबाकडे गेलों होतों. सोबत एक उपदेशक होते. त्यांची पूर्वीची जात त्या घरांत सर्वांस ठाऊक होती. आमच्या हातीं घांसलेला पितळी तांब्या आला. त्यांच्या ओंजळींत पाणी वरून ओतलें गेलें. घरची बाई कांहीं दुष्ट नव्हती. तिनें सासू करीत असे तसें केलें. आम्ही पाहिलें, पाणी प्यालों, प्रार्थना केली व उठलों. वाटेनें उपदेशक नेहमींप्रमाणें पिकापाण्याचें बोलत होते, व आम्ही फक्त हुंकार देत होतों.

पावसाळा सरल्यावर त्याच घरीं जाणें आहे. तांब्या पुढें येईल, तेव्हां तो आधीं त्यांच्या हातीं देऊं, व त्यांनीं प्याल्यावर त्याच तांब्यानें आम्ही पिऊं. बाईस राग आला तर बसून बोलूं. तें बोलणें त्याच दिवशीं व्हावयाचें होतें.