कृपेला अट घालणारी शिकवण



आपल्या चर्चमध्ये संत अंतोनीच्या पुतळ्याजवळ अधूनमधून एक झेरॉक्सचा कागद सापडतो. वर प्रार्थना आणि खाली सूचना : नऊ दिवस म्हणा, रोज नऊ प्रती काढून चर्चमध्ये ठेवा; अमक्याने ठेवल्या, त्याला नोकरी लागली; तमक्याने कागद टाकून दिला, त्याच्या घरी मयत झाली. अलीकडे तोच मजकूर मोबाईलवर फिरतो. मी बरीच वर्षे हे कागद गोळा करून रद्दीत टाकत असे. त्यावर प्रवचन करावे असे कधी वाटले नाही.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी धर्मगुरू निवासात आल्या. (त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, आणि हे पापनिवेदनात नव्हे, तर व्हरांड्यात बसून झालेले बोलणे आहे.) असाच एक कागद त्यांच्या हाती आला होता आणि त्यांनी तो चुलीत घातला होता. पुढे काही महिन्यांनी त्यांच्या सुनेचे बाळ पोटातच गेले. तेव्हापासून त्या मिस्साला येत, पण ख्रिस्तशरीर स्वीकारायला उठत नसत. “फादर, माझ्यामुळे झालं,” एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्या दिवसापासून मला तो कागद रद्दी वाटत नाही. ती एक शिकवण आहे, आणि खोटी शिकवण आहे.

संत पौलाने गलतीकरांना लिहिलेले पत्र उघडून पाहा. इतर बहुतेक पत्रांच्या आरंभी तो आपल्या वाचकांबद्दल देवाचे आभार मानतो. येथे ते नाहीत, नमस्कार संपतो न संपतो तोच तो खडसावू लागतो. असे काय घडले होते? गलतीयात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, त्याच्यामागून काही शिक्षक आले होते. ते येशूला नाकारत नव्हते, हे नीट ध्यानात घ्या. येशू हवाच, पण सुंताही हवी, नियमशास्त्रही हवे, असे ते सांगत. पौलाच्या दृष्टीने त्या ‘पण’नेच सगळे बिघडले. नियमशास्त्राने माणूस नीतिमान ठरत असेल तर ख्रिस्ताचे मरण व्यर्थ गेले, हा त्याचा युक्तिवाद आहे (गलती २:२१). स्वर्गातला दूत येऊन निराळे शुभवर्तमान सांगू लागला तरी ऐकू नका, इथपर्यंत तो जातो. अंत्युखियात तर त्याने याच कारणावरून संत पेत्राला सर्वांदेखत जाब विचारला.

म्हणून खोटी शिकवण ओळखायची तर ती ख्रिस्ताला सोडायला सांगते का, एवढेच पाहून भागणार नाही. ती त्याच्या शेजारी आणखी काय मांडते ते पाहावे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाचा एक तपस्वी रोममध्ये शिकवत होता. माणूस चारित्र्यवान होता, लोकांच्या शिथिल वागण्याची त्याला चीड होती. पण मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असे त्याचे म्हणणे पडले. संत ऑगस्टिनने त्याला विरोध केला आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण अमान्य केली. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी पावित्र्यावरील आपल्या प्रबोधनपत्रात हीच चूक आजही ख्रिस्तसभेत वावरते, असा इशारा दिला. मला वाटते, ती आपल्यासारख्या नेमधर्म पाळणाऱ्यांच्या घरीच जास्त वावरते.

वर्ष ‘क’मध्ये सामान्य काळाच्या अकराव्या रविवारी ख्रिस्तसभा पौलाच्या याच वचनांसोबत शिमोन परुश्याच्या घरची घटना वाचते. ती दृष्टांतासह वाचावी. एकाचे कर्ज पाचशे दिनार, दुसऱ्याचे पन्नास. फेडायला दोघांकडेही काही नव्हते. सावकाराने दोघांनाही सोडले, आणि प्रेम त्यानंतर आले. शिमोनाला त्या बाईचा हिशेब तोंडपाठ होता, स्वतःचे पन्नास मात्र आठवत नव्हते. पाहुण्याच्या पायांवर पाणी घालणेही त्याला सुचले नाही. त्या बाईचे अश्रू, तेल, चुंबने यांतले काहीही क्षमेची किंमत म्हणून दिलेले नव्हते.

मग उपवास, जपमाळ, नोव्हेना सोडून द्यायचे का? मुळीच नाही. प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर प्रेषित पवित्र मरियेसह प्रार्थनेत थांबले, त्या दिवसांची आठवण नोव्हेनात आहे. ते वाट पाहत होते, आत्मा विकत घेत नव्हते. आणि कृपा फुकट आहे म्हणून कसेही वागावे, हेही पौलाला मान्य नाही (रोम ६). भाकरी दिली म्हणून मूल आईला मदत करते, ते वेगळे. मदत केली नाहीस तर भाकरी नाही, हे वेगळे. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही (२१११) बजावतो की, अंतःकरणाकडे दुर्लक्ष करून केवळ बाह्य कृतीत सामर्थ्य आहे असे मानणे ही अंधश्रद्धा होय.

त्या मावशींना मी यातले काहीच सांगितले नाही. फक्त विचारले, “तुमच्या मुलाने तुमची चिठ्ठी जाळली असती तर तुम्ही त्याचे लेकरू घेतले असते का?” त्या संतापल्याच. म्हणाल्या, “फादर, असं बोलता तरी कसं?” मग बराच वेळ गप्प बसल्या. त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी त्या ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत आल्या, सुनेला पुढे करून.

तसा कागद कुणाला सापडला तर खुशाल फाडावा. फाडायला हात धजत नसेल तर माझ्याकडे आणून द्या, मी फाडीन. आणि असा एखादा कागद पूर्वी जाळल्याची धास्ती कुणाच्या मनात असेल, तर शनिवारी सायंकाळी पापनिवेदनाच्या वेळी मी चर्चमध्येच असतो.

– आपला धर्मगुरू