अस्थी, शुक्र आणि कर्मविपाक
चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही महाराष्ट्राच्या बहुतेक भागांपेक्षा अधिक आढळतात, त्यामुळे उतारवयातील पुरुषाच्या ठिसूळ हाडांचा प्रश्न येथे केवळ वैद्यकाचा राहत नाही. कर्मविपाक, म्हणजे पूर्वजन्मीचे पाप या जन्मी रोगरूपाने भोगावे लागते हा विचार, कुष्ठाला महापातकाचे चिन्ह मानत आला. आणि आयुर्वेदाच्या सप्तधातूंतील पाचवा अस्थी व सातवा शुक्र यांचा संबंध जोडून लोकसमजुतीने असेही ठरवले, की ज्याची हाडे खचली त्याने तारुण्यात संयम पाळला नसावा. कुष्ठ होऊन गेलेल्या म्हाताऱ्याच्या वाकलेल्या पाठीवर असे दोन आरोप एकदम येतात.

प्रत्यक्षात कुष्ठजंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. कानाची पाळी, नाक, त्वचेलगतच्या नसा यांप्रमाणेच वृषणांचे तापमानही शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा कमी असते; म्हणून रोग जुनाट व बहुजंतुक असेल तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवणाऱ्या पेशी तेथे नष्ट होऊ शकतात. या संप्रेरकाचा काही अंश इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि पुरुषाच्याही हाडाची झीज बऱ्याच अंशी तेच रोखून धरते. ते आटले की मणक्यातील हाडाची जाळी विरळ होते, तिचे आडवे दुवे तुटतात, उभे दुवे आधाराविना उरतात, आणि पाण्याची घागर उचलण्याचे निमित्त होऊन मणका चेपतो. जपानमध्ये कुष्ठ होऊन गेलेल्या पुरुषांच्या अभ्यासांत हीच साखळी दिसली.

यावर कर्मवादी म्हणेल, की जंतू हे निमित्त, खरे कारण पूर्वकर्मच. परंतु जे स्पष्टीकरण कोणत्याही रोगाला, कोणत्याही माणसाबाबत, तपासाविना लागू पडते ते काहीच स्पष्ट करत नाही. शेजाऱ्याला मात्र कर्तव्यातून मोकळे करते. गीतेच्या तेराव्या अध्यायात जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दोष पाहण्यास सांगितले आहे, ते साधकाने स्वतःच्या देहाविषयी. दुसऱ्याच्या दुखण्याकडे त्याच दृष्टीने पाहून स्वस्थ बसणे हे वैराग्य नव्हे, ती निष्ठुरता होय.

वरोऱ्याजवळ 1949 साली आनंदवन उभे करताना बाबा आमटे यांनी रोग्याला दयेऐवजी काम दिले. त्यांचा स्वतःचा कणा पुढे इतका झिजला, की बसणे अशक्य होऊन त्यांना एक तर आडवे पडावे लागे किंवा उभे राहावे लागे. तरीही 1985 साली ते भारत जोडो यात्रेला निघाले. त्या झिजेला पापाचे फळ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, मग तेथल्याच शेतमजुराच्या कण्याला वेगळा न्याय का?

संप्रेरकाची उणीव भरून काढली की प्रश्न संपला, असेही नाही. टेस्टोस्टेरॉन दिल्याने अस्थिघनता वाढते. तरीही 45 ते 80 वयाच्या 5,204 पुरुषांवरील चाचणीचे 2024 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता, औषध घेणाऱ्यांपैकी 3.5 टक्क्यांना, तर न घेणाऱ्यांपैकी सुमारे 2.5 टक्क्यांना अस्थिभंग झाला. वृषणेच निकामी झालेल्या रुग्णाचा निर्णय वेगळा असू शकतो, पण हाड दाट होणे आणि हाड न मोडणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे यातून कळते. हाड मोडण्यात पडण्याचाही वाटा असतो: कुष्ठाने बधिर झालेल्या तळव्याला बांधावरचा खडा जाणवत नाही, तोल जातो आणि खुबा मोडतो. म्हणून अशा माणसाची अस्थिघनता व संप्रेरकाची पातळी तपासणे, आहारात नाचणी आणि डाळी असणे, पायात मापाची एमसीआर (मऊ, सूक्ष्मछिद्री रबराची) चप्पल असणे आणि रात्री बाहेर जाण्याच्या वाटेवर दिवा असणे, ही सारी धर्माचीच कामे ठरतात.