घरचा आल्बम, सरकारी फाईल

पुण्यातल्या एका परिसंवादात अलीकडेच एका ज्येष्ठ समीक्षकांनी फर्मास वाक्य टाकलं. साठीच्या आसपास गळ्यात कॅमेरा अडकवून ‘मी नेमका कोण’ असं विचारत हिंडणं हा भरल्या पोटाचा चाळा आहे, असं ते म्हणाले. रोख अमेरिकेतल्या लॅटिनो लेखकांवर आणि छायाचित्रकारांवर होता. टाळ्या पडल्या. तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो, पण त्यांनी साक्षीला रिचर्ड रॉड्रिग्जला उभं केलं.

रॉड्रिग्ज हा आपल्याकडच्या भाषावादात सोयीनुसार वापरला जाणारा अमेरिकन लेखक. जन्म १९४४चा, सॅन फ्रान्सिस्कोतला, आईवडील मेक्सिकोतून आलेले, बालपण सॅक्रामेंटोत. शाळेतल्या नन्स घरी येतात आणि मुलांशी इंग्रजीत बोलत चला, असं आईवडिलांना सांगतात. आईवडील मान डोलावतात. त्यानंतर ते घर हळूहळू अबोल होत जातं. १९८२च्या ‘हंगर ऑफ मेमरी’त रॉड्रिग्ज हे नुकसान मांडतो आणि वर बजावतो, की चारचौघांच्या जगात यायचं तर ही किंमत मोजावीच लागते. द्विभाषिक शिक्षणाला त्याचा विरोध, वंशाच्या आधारावर मिळणाऱ्या सवलतींनाही. चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन मंडळींनी त्याला घरभेदी ठरवलं. मला तो आवडतो. गेलं ते गेलं, हे तो कबूल करतो. परत मिळाल्याचं सोंग आणत नाही. त्याचा वाद अजून संपलेला नाही. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७८ टक्के लॅटिनोंनी सांगितलं, की लॅटिनो असायला स्पॅनिश आलंच पाहिजे असं नाही. तरीही स्पॅनिश फारसं न येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्यावरून आपल्याच माणसांचे टोमणे ऐकावे लागलेले असतात.

पण रॉड्रिग्जचं ते पुस्तक चाळिशीच्या आतलं आहे. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडू नकोस, असं आईने त्याला पत्रातून विनवलं होतं, आणि ते पत्र डोळ्यांसमोर ठेवूनच त्याने लिहिलं. म्हणून त्याच्या हिशेबात जमाखर्च चोख जुळतो. मला तो जरा जास्तच चोख वाटतो.

लेखिका नॉर्मा एलिया कान्तूचं असं नाही. जन्म १९४७, न्यूव्हो लारेदो, म्हणजे रिओ ग्रांदे नदीचा मेक्सिकन काठ. वाढली पलीकडे, टेक्ससमधल्या लारेदोत. ही दोन गावं मुळात एकच. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या १८४८च्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने नदीची सरहद्द झाली, तेव्हा ज्यांना अमेरिकन व्हायचं नव्हतं ते पलीकडे गेले आणि त्यांनी नवं लारेदो वसवलं. जाताना पूर्वजांच्या अस्थीही उकरून नेल्या, असं तिथे सांगतात.

कान्तूचं ‘कानीकुला’ १९९५मध्ये आलं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. घरातले जुने फोटो आणि त्यांच्या आजूबाजूने लिहिलेले छोटे छोटे तुकडे. निवेदिका आसुसेना, घरच्यांची नेना. फोटो मात्र कान्तूंच्या घरातले. त्यांत मला सगळ्यात बोलका वाटतो तो स्थलांतराच्या सरकारी कागदावरचा. लहान पोर, आणि कागदाचा निर्वाळा: मेक्सिकन नागरिक. दोन्ही काठांवर सोयरेधायरे असलेल्या घरातली ही पोर. तिला कॅमेऱ्यासमोर उभं केलं गेलं ते काही आत्मशोधासाठी नव्हे.

समीक्षक महाशयांच्या नजरेतून निसटलं ते नेमकं हे. ‘तू कोण’ हा प्रश्न या लोकांना फावल्या वेळात सुचलेला नाही. तो त्यांना सरहद्दीच्या पुलावर विचारला गेला, अर्जावर विचारला गेला. १९३०च्या अमेरिकन जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा वंश ठरला, १९४०ला तो रद्द होऊन हीच माणसं गोऱ्यांत मोजली गेली. १९८०पासून हिस्पॅनिक आहात का, असा प्रश्न सरसकट सगळ्यांना आला. २०००मध्ये अर्जावर ‘लॅटिनो’ हा शब्द चढला, आणि २०२४मध्ये हा प्रश्न वंशाच्या प्रश्नातच मिसळून टाकायचं ठरलं. मधल्या काळात, १९३०च्या दशकातल्या मंदीत, लाखोंना ‘परत’ मेक्सिकोत धाडलं गेलं. त्यांतले कितीतरी अमेरिकेतच जन्मलेले होते. त्यांना परत पाठवलं म्हणजे कुठे पाठवलं, ते सरकारलाच ठाऊक.

इथवर माझा सिद्धान्त छान जमला होता: उतारवयातलं हे फोटोलेखन म्हणजे सरकारी फाईलला घरच्या आल्बमने दिलेलं प्रत्युत्तर. पण ‘कानीकुला’ पुन्हा चाळायला घेतलं आणि तो डळमळू लागला. मजकुरात ज्यांचं वर्णन आहे असे काही फोटो पुस्तकात नाहीतच. छापलेल्यांपैकी काहींचं वर्णन फोटोशी जुळत नाही. हे आत्मचरित्र, कल्पित आणि लोकजीवनाच्या नोंदी यांचं मिश्रण आहे, असं लेखिका सुरुवातीलाच सांगून मोकळी होते. ही नजरचूक म्हणावी तर कान्तू लोकसंस्कृतीची अभ्यासक. नोंदी कशा ठेवतात हे तिला कोणी शिकवायला नको.

म्हणजे आल्बमसुद्धा फाईलइतकाच खोटारडा. स्टुडिओतला पडदा रंगवलेला, अंगातला कोट उसना, भावंडांतलं भांडण फोटोपुरतं मिटवलेलं. तिशीत आपण अशा फोटोला पुरावा समजतो. पन्नाशी उलटेपर्यंत त्यातली बरीच माणसं गेलेली असतात, आणि ‘अगं, तो कोट आपला नव्हता’ म्हणून सांगायला कोणी उरत नाही. त्यात मोकळीक आहे, तशी बेपर्वाईलाही वाव आहे. कान्तू मोकळीक घेते आणि आपण ती घेतली हे वाचकाला दिसू देते. म्हणून हे काम उतारवयातच नीट साधतं असं माझं मत आहे, आणि पोट भरलेलं असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

दोन संस्कृती म्हणजे दुप्पट श्रीमंती, असं गोड बोलणारेही असतात. त्यांनी छायाचित्रकार लॉरा अगिलारचं १९९०चं ‘थ्री ईगल्स फ्लाइंग’ पाहावं. तीन फोटो शेजारी शेजारी. एका टोकाला अमेरिकेचा झेंडा, दुसऱ्या टोकाला मेक्सिकोचा. मधे ती स्वतः: डोकं मेक्सिकन झेंड्यात गुंडाळलेलं, कमरेखाली अमेरिकन झेंडा, आणि अंगाला दोराचे वेढे. छाती उघडी, चेहरा दिसत नाही. ओळखपत्राला हा फोटो चालायचा नाही. २०१८मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी ती गेली. निवृत्तीतल्या हौसेची पाळीच तिच्यावर आली नाही.

हे सगळं परक्यांचं म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी वर्ध्याचं एक नाव सांगतो: पांडुरंग खानखोजे. मराठी वाचकांना ते वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे ठाऊक आहेत. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोचला आणि शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आला. दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात भाकरी वाटताना रंगवलं, तिना मोदोत्तीने त्यांच्या कामाचे फोटो काढले. मेक्सिकोत जन्मलेल्या त्यांच्या कन्येने, सावित्री साहनींनी, वडिलांचं चरित्र लिहिलं ते उतारवयात, आणि इंग्रजीत. वडिलांची भाषा मराठी, जन्मभूमीची स्पॅनिश, चरित्राची तिसरीच. रॉड्रिग्जच्या चोख वहीत ही नोंद कोणत्या रकान्यात घालायची?

कान्तूने तर रकाने आणखी वाढवून ठेवले. २०१९मध्ये, बहात्तराव्या वर्षी, तिने ‘काबान्युएलास’ या कादंबरीत नेनाला पुन्हा बोलावलं. या वेळी नेना माद्रिदला जाते, तिथल्या सणउत्सवांचा अभ्यास करायला, आणि प्रेमात पडते. तिथेच राहायचं की लारेदोला परतायचं, हा तिच्यापुढचा पेच. दोन काठांचं भांडण मिटायच्या आतच बाईंनी तिसरा काठ उघडला, आणि तोही अशा देशाचा, ज्याने एके काळी त्या दोन्ही काठांवर राज्य केलं होतं.