दैत्यांची तक्रार आणि चिखलीचा टाळ

तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांच्या हातातला टाळ जिथे पडला ते टाळगाव चिखली, अशी इथली श्रद्धा. त्याच चिखलीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने तुकोबांच्या नावाने संतपीठ उभारले. सीबीएसईच्या अभ्यासाबरोबर तिथे मुलांना गायन, पखवाज आणि कीर्तन शिकवले जाते. आणि त्याच चिखलीच्या कुदळवाडीत फेब्रुवारी २०२५ मध्ये याच महापालिकेने भंगार दुकाने, गोदामे, कारखाने अशी हजारो पत्राशेड जेसीबी लावून पाडली. एक काम शिक्षण-संस्कृतीचे, दुसरे अतिक्रमण विभागाचे. फायली वेगळ्या, त्यामुळे दोन्हींचा एकत्र विचार सहसा कोणी करत नाही. पण कलेची वास्तू वस्तीत जीव आणते असे आपण म्हणतो, तेव्हा तो जीव येतो कुठून हे विचारावेच लागते. भिंतींतून, की भिंतींच्या आत जमणाऱ्यांतून? आणि जमणारे म्हणजे नेमके कोण?

वारकऱ्याला विचाराल तर उत्तर तयार असते: वास्तू हवीच कशाला? मी वैकुंठात राहत नाही, माझे भक्त गातात तिथे उभा असतो, असे विष्णूने नारदाला सांगितल्याचे कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. चंद्रभागेच्या वाळवंटाला छप्पर नाही आणि दारही नाही. दार असले की काय होते ते पंढरपुरानेच दाखवले. चोखोबांची समाधी देवळाबाहेर राहिली आणि त्यांच्या जातभाईंना आत जाता यावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. विटा-सिमेंटविषयी संशय घ्यायला एवढा इतिहास पुरेसा आहे. तरीही हे उत्तर अर्धेच आहे. वाळवंटातले कीर्तनही आपोआप उभे राहत नाही. त्यामागे तिथी असते, फड असतो, दिंड्यांचा ठरलेला क्रम असतो. आणि टाळकरी, पखवाजी कुठेतरी घडावा लागतो. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली ती याच जाणिवेतून. विद्यार्थी माधुकरी मागत आणि शिकत. म्हणजे अख्खे गावच त्या शाळेचे कोठीघर होते. आज आळंदीच्या गल्लीगल्लीत वारकरी विद्यार्थ्यांच्या संस्था आहेत. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापून, ती बोटाने कमी-जास्त करत कान लावून बसलेला पोरगा तिथे नवलाचा नाही. ज्ञानेश्वरांच्या समाधीमुळे आळंदी कार्तिकीला भरते. पण एरवीच्या मंगळवारी-बुधवारी तिथे जो राबता असतो त्यात या पोरांचा वाटा मोठा आहे. तेव्हा जागा लागते. फक्त कशी, हा प्रश्न उरतो.

त्यावर आपल्याकडचा सर्वांत जुना विचार भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. पहिला प्रयोग इंद्रध्वजाच्या उत्सवात उघड्यावर झाला. देवांचा विजय आणि दैत्यांचा पराभव, असा विषय. दैत्य चिडले, त्यांनी विघ्ने आणली, नटांची वाचा आणि स्मृती बांधली. मग ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून विश्वकर्म्याने नाट्यगृह बांधले आणि कोपऱ्याकोपऱ्यावर देव पहाऱ्याला बसले. आपण गोष्ट इथेच थांबवतो, रंगदेवतेपुढे नारळ फोडतो आणि तिसरी घंटा देतो. पण ग्रंथ इथे थांबत नाही. पहारा बसल्यावर देवच ब्रह्मदेवाला म्हणतात की विघ्नकर्त्यांशी सामोपचाराने बोला. दैत्यांचा म्होरक्या विरूपाक्ष तक्रार मांडतो: तुम्ही देवांसाठी आमचा अपमान केलात, आम्हीही तुमच्यापासूनच जन्मलो ना? ब्रह्मदेव ती तक्रार उडवून लावत नाही. तो सांगतो की नाट्य एकट्या देवांचे नाही आणि एकट्या तुमचेही नाही, ते तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे. शब्द पाहा: अनुकीर्तन. आळंदीचे कीर्तन आणि चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहातले नाटक यांचे गोत्र इथे एक होते. माझा मुद्दा या क्रमावर उभा आहे. आधी भिंत बांधली, तिने प्रश्न सुटला नाही. बाहेरच्याला 'यात तूही आहेस' असे सांगावे लागले, आणि त्यानंतरच रंगपूजेचा विधी आला. म्हणजे पावित्र्य वास्तूने सुरू होत असेल, पण पुरे होते ते बाहेरच्याला दिलेल्या शब्दाने.

यावर आक्षेप येणार की पालिकेने करदात्यांच्या पैशातून एका संप्रदायाचे शिक्षण का द्यावे? कर बिहारहून इथे आलेला कंत्राटी कामगारही भरतो, पिंपरी कॅम्पातला सिंधी दुकानदारही आणि कुदळवाडीतला मुसलमान भंगारवालाही. आक्षेप वजनदार आहे. 'तुकोबा सगळ्यांचेच' एवढे म्हणून तो निकालात निघत नाही. तुकोबा सगळ्यांचे आहेत हे विरूपाक्षाला पटले पाहिजे, आपल्याला नव्हे. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: भक्ती आणि कला ही स्वतःच साध्ये आहेत, वस्ती सुधारण्याची अवजारे म्हणून त्यांना जुंपणे हाच अधर्म. मला हा आक्षेप जास्त सोवळा वाटतो. माधुकरी घालणाऱ्या आळंदीकर बायकांना पुण्य हवे होते आणि पोराचे पोटही भरायचे होते. दोन्हींपैकी एक निवडा असे त्यांना कोणी सांगितले नाही. कुदळवाडीतली शेड अनधिकृत होती, हे महापालिकेचे म्हणणे मला मान्य आहे. पण तिथे पोट भरणाऱ्या माणसांचे अनुकीर्तन कोणत्या रंगमंचावर होणार, याचे उत्तर पाडकामाच्या नोटिशीत नसते.

भरताने आणखी एक व्यवहारी गोष्ट सांगितली आहे. माणसांसाठी मध्यम नाट्यगृहच बरे, चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद, कारण त्याहून मोठ्या जागेत आवाज विरतो आणि चेहऱ्यावरचा भाव दिसत नाही. पोहोचण्याचे हे माप पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारी पट्ट्यात हातांनी मोजून भागत नाही, पाळ्यांनीही मोजावे लागते. इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि नाटकाचे हुकमी प्रयोग शनिवार-रविवारी. दुसऱ्या पाळीचा फिटर रात्री उशिरा कंपनीच्या बसमधून उतरतो तेव्हा भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह आणि निगडीचे गदिमा नाट्यगृह ही दोन्ही बंद झालेली असतात. जानेवारी २०२४ मध्ये जब्बार पटेलांच्या अध्यक्षतेखाली शंभरावे नाट्य संमेलन याच शहरात भरले, मोठी गर्दी लोटली. तरी त्या फिटरचा गुरुवार रिकामाच राहिला. वारकऱ्यांच्या हरिनाम सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन होते. त्यात कृष्ण सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतो, कोणाची जाड भाकरी, कोणाचे दही, कोणाचे आंबलेले लोणचे, आणि मग कोणता घास कोणाच्या घरचा ते ओळखू येत नाही. चिखलीच्या काल्यात कुदळवाडीची शिदोरी अजून आलेली नाही.