माणूस वाळतं

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या घरी एक सोहळा असतो. पावसाळाभर ओल पिऊन बसलेली कपाटे रिकामी करायची आणि कपडे, गाद्या, पुस्तके अंगणातल्या उन्हात मांडायची. आश्विनाचे ऊन मोठे न्यायी असते; पैठणीला जेवढे, तेवढेच गोधडीलाही. यंदा माझ्या हस्तलिखितांचा गठ्ठा उन्हात ठेवताना सौभाग्यवतीने एक बाड वर धरले आणि विचारले, "अहो, हे टाकून द्यायचं का? यातलं एक अक्षर लागत नाही."

"नको, राहू दे," मी म्हटले.

ती हसली. लेखकाचा आपल्या कागदांवर किती जीव असतो, हे तिला ठाऊक आहे. पण ते बाड मी का जपतो, ते मात्र तिला कधी सांगितलेले नाही. आज वाचकांना सांगतो.

करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ साली पायी वारी झाली नाही. त्याच्या आधी दोन-तीन वर्षांची ही हकिगत. माझी दुसरी कादंबरी नुकतीच लिहून झाली होती. प्रकाशकाकडे देण्याआधी ती विठोबाच्या पायांवर घालावी असे मनात आले. शाळेतून रजा काढली आणि माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून चालू लागलो. त्यात भक्ती किती होती आणि मिरवण्याची हौस किती, ते त्या विठोबालाच ठाऊक!

वारीच्या वाटेवर सामान कोरडे ठेवणे ही एक विद्याच आहे. जड सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जाते; जवळ राहते ते लहानसे गाठोडे. जुना वारकरी एकाच मोठ्या आवरणावर विसंबत नाही. लुगडे-धोतर एका पिशवीत, पीठमीठ दुसरीत, काडेपेटी तिसरीत. एक फाटली तरी बाकीच्या वाचतात. पिशवीचे तोंड पिळून, दुमडून खालच्या अंगाला ठेवायचे, म्हणजे पाणी आत न शिरता ओघळून जाते. धनगरी घोंगडी लोकरीतल्या तेलकटपणामुळे बराच वेळ पाणी पिऊन घेत नाही, आणि भिजली तरी ऊब सोडत नाही. कोकणात लावणीच्या दिवसांत बायका इरले घेत. कामट्यांचे आणि पानांचे, वाकलेल्या पाठीच्या मापाचे. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचा कागदच दिसतो.

मी पडलो नवशिका. शबनम पिशवीत कादंबरीचे बाड घातले होते, आणि डोक्यासकट सारे झाकायला चार हात कागद घेतला होता.

हडपसर, वडकी मागे पडली. दिवे घाट चढू लागलो आणि पाऊस कोसळला. वाऱ्याने टाळकऱ्यांचे कागद शिडासारखे फडफडू लागले. माझ्या शेजारून एक म्हातारी चालली होती. डोक्यावर तुळस, बगलेत गाठोडे. तिचा कागद वाऱ्याने नेला होता. ती जवळ येऊन म्हणाली, "माउली, माझं एवढं गठुडं घ्या की तुमच्या कागदाखाली."

मी म्हणालो, "जागा नाही हो, आजी."

"बरं, माउली," ती म्हणाली आणि चालत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

रात्री सासवडच्या मुक्कामी पिशवी उघडली. वरून कागद होता, तरी पट्ट्यावरून ओघळलेले पाणी आत उतरले होते. शिवाय कागदाखालीच घामाची वाफ कोंडली होती. खालची वीसेक पाने भिजून शाई पसरली होती. मी ती राहुटीत मांडू लागलो, तर तीच म्हातारी समोर! आमच्याच दिंडीतली होती. तिने गाठोडे सोडले. लुगडे पिळून निघाले. पिठाचा गोळा झाला होता. ती ओल्या लुगड्यातच बसली आणि माझ्या पानांवर एकेक खडा ठेवू लागली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

"आजी, तुम्ही भिजलात," मी कसेबसे म्हटले.

"माणूस वाळतं, माउली," ती म्हणाली. "कागद कशाचा वाळतोय!"

सासवडला पालखी दोन रात्री थांबते. दुसऱ्या दिवशी ऊन पडले. जेजुरीला पोहोचलो तेव्हा म्हातारी दिसेना. चौकशी केली, तर दिंडीतल्या बाईने सांगितले, "ताप भरला वो तिला. एस.टी.त बसवून दिली घरला."

मी शिकवणारा माणूस; स्वतःचा वकील व्हायला मला वेळ लागला नाही. ताप पावसाने येतो असे थोडेच आहे? त्या घाटात हजारो माणसे भिजली, ती सगळी काही आजारी पडली नाहीत. खरे आहे. पण म्हणून मी सुटतो का? म्हातारी ठणठणीत राहून पंढरपुरापर्यंत गात गेली असती, तरी माझे "जागा नाही" तेवढेच खोटे ठरले असते. दोष तिच्या तापावर अवलंबून नव्हता. तो घाटातच घडून गेला होता.

मग दुसरी सबब. जे पुन्हा मिळत नाही, ते आधी झाकावे, हा नियम म्हातारीनेच सांगितला ना? आणि नियम खोटा नाही. पुरात घर सोडताना माणसे शाळेचे दाखले आणि सातबारा आधी उचलतात, भांडी मागे ठेवतात. पण हा नियम दोहोंपैकी एकच वाचवता येते तेव्हाचा. माझ्यावर ती वेळ आली होती का? मी कागदाची कड उचलून पाहिलेसुद्धा नव्हते. "जागा नाही" हे मी मोजून सांगितले नव्हते. ओले गाठोडे बाडाला लागेल, एवढ्या धास्तीने सांगितले होते.

आणि पुन्हा न मिळणारे नेमके काय होते? ती वीस पाने मी महिन्याभरात परत लिहिली. कादंबरी निघाली, पाने बदलल्याचे कुणाला कळलेही नाही. म्हातारीची त्या वर्षीची वारी मात्र परत लिहिता येण्यासारखी नव्हती.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. लिहिणाऱ्याला ती फार गोड लागते. मलाही लागे. त्या वारीनंतर मला तिच्यातली दुसरी गोष्ट दिसू लागली. वह्या पाण्यात असताना तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसून होते. कागदासाठी स्वतः उघड्यावर बसणे निराळे, आणि आपल्या कागदासाठी दुसऱ्याला उघड्यावर ठेवणे निराळे. घाटात मला हा फरक सुचला नाही. त्या रात्री म्हातारी ओल्या लुगड्यात बसून माझ्या पानांवर खडे ठेवत होती, तेव्हा तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

तिचे गाव मी विचारले नव्हते. पुढे कितीदा वारीत गेलो. प्रत्येक तुळशीखालचा चेहरा पाहिला. ती भेटली नाही.

परवा सायंकाळी ऊन उतरल्यावर ते बाड मी पुन्हा कपाटात ठेवले. त्याच्याच खाली पुढच्या आषाढासाठी आणलेला नवा कागद घडी घालून ठेवला आहे. दुकानदार नेहमी विचारतो, "एकट्याला एवढा मोठा कशाला?"

मी सांगतो, "लागतो."

आता मी दोन हात जास्तच घेतो.